मदत हवी आहे: २०११ ची अमेरिकी शेअर बाजारातली पडझड सभागृहामुळे की युरोपमुळे?

मंडळी, एका मुद्द्यावर अडलोय. पुढच्या रविवारी आमच्या अभ्यास मंडळात बोलायचंय: सभागृह विरोधकांच्या हाती गेलं की अर्थकारणाचं काय होतं. उदाहरण घेतलंय ओबामांच्या काळातलं. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांच्या विरोधातल्या रिपब्लिकनांच्या ६३ जागा वाढल्या आणि प्रतिनिधीगृहातलं बहुमत फिरलं. पुढच्या उन्हाळ्यात सरकारी कर्जाची मर्यादा वाढवण्यावरून इतकी ओढाताण झाली, की अगदी मुदत संपता संपता, २ ऑगस्ट २०११ ला खर्चकपातीचा कायदा झाला. तरी ५ तारखेला एस अँड पी या पतमापन संस्थेने अमेरिकेचं पतमानांकन सर्वोच्च ‘एएए’वरून ‘एए प्लस’वर आणलंच. सोमवारी डाऊ (अमेरिकी शेअर बाजाराचा निर्देशांक) ६३४ अंकांनी कोसळला.

इथवर ठीक. गंमत पुढे आहे. ज्या सरकारची पत घटली, त्याच्याच कर्जरोख्यांकडे लोक धावले आणि मागणीने भाव चढल्यामुळे रोख्यांचा परतावा उलट उतरला! मग शेअर बाजाराची घसरण कुणाच्या खात्यात टाकायची, वॉशिंग्टनमधल्या भांडणाच्या, की तेव्हाच चिघळलेल्या युरोपच्या कर्जसंकटाच्या? हे वेगळं काढतात तरी कसं? रोखेबाजारातल्या कुणी जाणकाराने सोप्या मराठीत सांगाल का? फार गणिती नको, मी मूळचा इतिहासवाला.