रेकॉर्ड ०४३ प्लाऊ रंधा गोव्यात कुठे शोधावा? (शिंपल्यांच्या खिडक्यांसाठी)

लोटली_जुनं_घर

नमस्कार मंडळी. लोटलीतल्या एका जुन्या घराच्या शिंपल्यांच्या (काचेऐवजी शिंपले बसवलेल्या) चार खिडक्या दुरुस्त करायच्या आहेत. शिंपले बहुतेक शाबूत आहेत, पण ज्या बारीक पट्ट्यांच्या खोबणीत ते बसतात त्यांतल्या वीसेक पट्ट्या वाळवीने गेल्या आहेत. खिडकीच्या खालच्या भागात फळीचं पॅनेल आहे, त्याच्या चौकटीतली खोबण साधारण ६ मिमी आहे. राउटर मशीनने बारीक पट्ट्या फुटतात, म्हणून हाताचा प्लाऊ रंधा, म्हणजे खोबण पाडणारा रंधा, हवा आहे. रेकॉर्ड कंपनीचा ०४३ हा छोटा रंधा योग्य वाटतो, त्याला १/८, ३/१६ आणि १/४ इंच अशी तीन पाती येतात. तो कुठे शोधावा, आणि घेताना काय काय तपासावं?

म्हापसा_शुक्रवार

आधी एक गोष्ट. "०४३ आहे का" असं विचारत फिरलात तर सगळीकडे "नाही" ऐकाल, कारण ज्याच्याकडे तो पडून असतो त्याला त्याचं नाव माहीत नसतं. फोनवर फोटो ठेवा, शक्यतो दोन: एक पूर्ण रंध्याचा आणि एक फेन्स (लाकडाच्या कडेला टेकून रंधा सरळ चालवणारी पट्टी) काढलेल्या नुसत्या सांगाड्याचा. भंगारात बहुतेक वेळा सांगाडाच सापडतो आणि तो रंध्यासारखा दिसतही नाही.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार सकाळी लवकर बघा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. जुनी घरं रिकामी करून फर्निचर उचलणारे व्यापारी जास्त उपयोगाचे. ते कपाटं आणि खुर्च्या पुढे मांडतात आणि हत्यारांची पेटी मागे कुठेतरी पडलेली असते, ती मुद्दाम मागावी लागते. काम थांबवलेल्या मेस्तांच्या (सुतारांच्या) घरीही विचारा. होड्या बांधणाऱ्यांकडे मात्र हा रंधा क्वचित असेल, त्यांच्या कामात बारीक खोबण फारशी लागत नाही.

गोव्याबाहेर जाणं होत असेल तर पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईच्या चोरबाजारात शुक्रवारी पहाटे रस्त्यावर माल मांडतात, उजाडायच्या आत पोचा.

ऑनलाइन शोधताना "प्लाऊ" या शब्दावर अडून राहू नका. "ग्रूव्ह", "कॉम्बिनेशन", नुसतं "अँटिक रंधा" असंही लिहिलेलं असतं. पोर्तुगीजमध्ये या रंध्याला गोइवेत म्हणतात. पोर्तुगालच्या जुन्या सामानाच्या साइटवर त्या शब्दाने शोधलंत तर लाकडी आणि लोखंडी दोन्ही प्रकार दिसतील. रेकॉर्डचे रंधे शेफिल्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टनने बनवले, त्यामुळे सर्वांत जास्त माल इंग्लंडात आहे. तिथून मागवायचा असेल तर पार्सलखर्च आणि कस्टम धरून हिशोब करा. रंध्याच्या किमतीपेक्षा हा खर्च जास्त होणं अगदी शक्य आहे.

कूस_साल_फोंडा

शोधायला निघण्याआधी शिंपल्यांची खोबण मोजलीत का? ६ मिमीची पॅनेलची खोबण ०४३ करेल. १/४ इंच म्हणजे ६.३५ मिमी, नव्या चौकटीत तेवढा फरक चालतो. जुन्या पॅनेलच्या कडा मात्र सैल बसतील, ते ध्यानात ठेवा.

शिंपल्याची गोष्ट वेगळी आहे. शिंपला जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो. ०४३ चं सर्वांत अरुंद पातं १/८ इंच, म्हणजे ३.२ मिमी. एवढ्या खोबणीत शिंपला वाऱ्याने खुळखुळणार आणि कडेने तडकणार.

आता तुम्ही म्हणाल, पातं घासून अरुंद करू. इथेच लोक फसतात. प्लाऊ रंध्याच्या तळाला एक उभी पातळ पट्टी असते, तिला स्केट म्हणतात. पातं जसजसं खोल जातं तसतशी ती पट्टीही खोबणीत उतरत जाते. पातं पट्टीपेक्षा अरुंद केलं तर दोनचार फेऱ्यांनंतर पट्टी लाकडाच्या पृष्ठभागावर टेकते आणि रंधा कापायचा थांबतो. ०४३ ची पट्टी १/८ इंची पात्यासाठी बनवलेली, त्याहून किंचितच बारीक. ती घासून बारीक करणं म्हणजे चांगला रंधा वाया घालवणं. मोठा स्टॅन्ली ४५ रंधा घेतलात तरी त्याचंही सर्वांत अरुंद पातं १/८ इंचाचंच.

व्हर्नियरच्या आतल्या चोची अरुंद खोबणीत जात नाहीत. ड्रिल बिटांच्या मागच्या गुळगुळीत बाजूने मोजा: १.५, २, २.५ मिमी. जे घट्ट न होता सरकतं ते तुमचं माप. आणि जिथे शिंपले एकावर एक चढवलेले असतील तिथली जाडी धरा, एकट्या शिंपल्याची नव्हे.

लोटली_जुनं_घर

मोजलं. २ मिमीचं बिट सरकतं, २.५ चं जात नाही. खोली ५ मिमी. पट्टी १२ मिमी जाड आणि १६ मिमी रुंद, दोन्ही कडांना खोबण. म्हणजे पट्ट्यांसाठी ०४३ चालणार नाही?

कूस_साल_फोंडा

नाही चालणार. पट्ट्यांसाठी खरवडणी, म्हणजे खरवडून खोबण पाडणारं हाताचं हत्यार, बनवा, अर्ध्या तासाचं काम आहे. मूळ पट्ट्यांच्या खोबणीचा तळ बघा. तिथे लांबच लांब बारीक ओरखडे दिसले तर त्याही अशाच हत्याराने केलेल्या असण्याची शक्यता मोठी.

शिसवीचा किंवा फणसाचा साधारण १५० मिमी लांब तुकडा घ्या, त्याला एल आकाराची खाच पाडा. खाचेची उभी बाजू फेन्सचं काम करते. तुकड्याला उभा चिरा देऊन त्यात पोलादी पातं बसवा आणि दोन स्क्रूंनी आवळा. पात्यासाठी हाताच्या हॅकसॉचं ब्लेड चालतं, पण ते ०.६ मिमीच्या आसपास जाड असतं आणि ५ मिमी बाहेर काढलं की थरथरतं, खोबणीच्या भिंती लाटांसारख्या होतात. मशीनच्या हॅकसॉचं जाड ब्लेड त्याहून बरं. ग्राइंडरवर पाण्यात बुडवत बुडवत त्याला १.९ मिमी रुंदीचा दात काढा. दात टोकाशी रुंद आणि मुळाशी केसभर अरुंद हवा, नाहीतर ३ मिमी खोलीनंतर तो अडकतो. १.९ अशासाठी की खरवडताना हात हलतो आणि खोबण आपसूक २ ची होते.

सर्वांत महत्त्वाचं: १२ मिमीची पट्टी आधी कापून मग तिला खोबण पाडू नका. ती वाकते, फेन्स सुटते. १२ मिमी जाडीची रुंद फळी घ्या, तिची कड रंधून सरळ करा, कडेला खोबण पाडा आणि मग पट्टी करवतीने चिरून वेगळी करा. दुसऱ्या कडेसाठी लांब फळीत १२ मिमी रुंद चर करून पट्टी त्यात उभी बसवा, पुढे एक खिळा अडसर म्हणून. चराची खोली ८ मिमीच ठेवा, म्हणजे पट्टी वर उरते आणि फेन्सला टेकायला जागा मिळते.

सुरुवातीला कटरने दोन रेघा मारून घ्या. त्या नसतील तर सागवानाचे उघडे रेषे कडेने उपटतात. पहिल्या दहाबारा फेऱ्या जवळजवळ वजन न देता. सागवानात सिलिका असते, दात लवकर बोथट होतो. दर तीनचार पट्ट्यांनंतर त्याचा समोरचा सपाट चेहरा तेलाच्या दगडावर घासा. बाजू घासू नका, रुंदी कमी होईल.

करवत_केपे

वीस पट्ट्या, दोन्ही कडा, म्हणजे चाळीस खोबणी नुसत्या खरवडून काढायला खांदे भरून येतील. बराचसा माल आधी करवतीने काढा. पाठीच्या करवतीला (जिच्या पाठीवर जाड पट्टी असते) दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या क्लॅम्प करा, एक फेन्स म्हणून आणि दुसरी खोली अडवायला. रद्दी लाकडावर एक चीर घेऊन करवत किती रुंद कापते ते मोजा. १ मिमी असेल तर पहिली चीर झाल्यावर फेन्सच्या आत १ मिमीचा पत्रा घालून दुसरी चीर घ्या, दोन्ही चिरा लागून येतात. मधे कागदाएवढी भिंत राहिली तर खरवडणी ती पाडते. खोली ४.५ मिमीला थांबवा, शेवटचा अर्धा मिलिमीटर खरवडणीने. तळ सपाट होतो.

आणि शिंपल्यांबद्दल. हा शिंपला, प्लॅकुना प्लॅसेंटा, चिखलीच्या उपसागरात अजून जिवंत आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. नवे काढायला किंवा विकत घ्यायला जाऊ नका, पाडल्या जाणाऱ्या घरांच्या खिडक्यांतले जुने मिळवा. ते साफ करताना व्हिनेगर, लिंबू किंवा फरशीचं ॲसिड अजिबात नको. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ॲसिडने तो विरघळतो आणि चकाकी जाते. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश एवढंच. चौकटीच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका.

लोटली_जुनं_घर

देव बरें करूं! पट्ट्यांचं कळलं. पॅनेलसाठी ०४३ अजून हवाच आहे. एके ठिकाणी एक दिसला आहे. फेन्स आहे, दोन दांडे आहेत, पातं एकच आहे १/४ चं. खोलीचा स्टॉप (खोबण ठरावीक खोलीला थांबवणारा भाग) नाही. निकेल बऱ्याच जागी उडालंय. घ्यावा का?

म्हापसा_शुक्रवार

तुमच्या कामाला लागणारं पातं तेच आहे, म्हणजे निम्मं जमलं. विक्रेत्याकडून हे फोटो मागा: तळाच्या स्केटवर स्टीलची फूटपट्टी टेकवून उजेडासमोर धरलेला, फेन्स आणि स्केट समांतर आहेत का ते वरून, आणि स्क्रूची सगळी भोकं जवळून. स्केट वाकलेली किंवा जोडलेली असेल तर सोडून द्या. ओतीव लोखंड आहे, सरळ करायला गेलात तर तुटेल.

निकेल उडालेलं चालतं, फक्त पात्याच्या बैठकीवर गंजाचे खड्डे नकोत. तिथे पातं नीट टेकत नाही आणि चिपळ्या अडकतात. गंज रॉकेल आणि बारीक स्टील वूलने काढा. ॲसिडमध्ये बुडवलंत तर उरलेलं निकेलही पापुद्र्यासारखं सुटेल.

स्टॉप नसणं अडचणीचं आहे, पण अडून राहावं असं नाही. फेन्सच्या विरुद्ध बाजूला लाकडाची पट्टी बसवून काम भागतं. स्क्रू हरवलेले असतील तर त्यांच्या जागी एम-६ पिळून बसवू नका. हे धागे इंची असतात, मेट्रिक स्क्रू दोन आटे जातो आणि मग ओतीव लोखंडातला धागा फाडतो. जुना बसणारा स्क्रू लेथवाल्याकडे नमुना म्हणून न्या आणि पितळेत करून घ्या.

कूस_साल_फोंडा

पात्याला धार ३५ अंशाला लावा. चौकटीत खोबण पाडताना पुढच्या टोकाला आखूड फेऱ्यांनी सुरुवात करून हळूहळू मागे या. मागून सुरुवात केलीत तर पातं रेष्यांच्या मागे जातं आणि फेन्स लाकडापासून सुटते. डावा हात फेन्सला फक्त बाजूने दाबायला, उजवा पुढे ढकलायला. दोन्ही हातांनी खाली दाबलं की खोबण तिरकी जाते.

पावसाळ्यात रंधा उघडा ठेवू नका. मशीन ऑइलचा हात द्या, खोबरेल नको, ते चिकट होऊन स्क्रू धरून ठेवतं. पेटीत कापराच्या दोन वड्या टाका आणि उडून गेल्या की बदला.