लॅम्डा विषाणू आणि मोजक्या रेणूंचा प्रश्न

विषाणूची जनुके मोजकीच असल्यामुळे त्यांच्या नियंत्रणाचे प्रारूप साध्या विकलक समीकरणांनी (म्हणजे प्रमाण कोणत्या वेगाने बदलते हे सांगणाऱ्या समीकरणांनी) उभे राहते, हे आपले म्हणणे मला अपुरे वाटते. ई. कोलाय जीवाणूत शिरलेला लॅम्डा विषाणू एकतर पेशी फोडून बाहेर पडतो, किंवा आपला ४८,५०२ बेसजोड्यांचा डीएनए तिच्या गुणसूत्रात जोडून निमूट राहतो. सीआय आणि क्रो ही प्रथिने डीएनएवरच्या त्याच तीन जागांसाठी झगडतात. सीआय पहिल्या दोन जागा जोडीने धरून क्रोचे जनुक बंद करते, तर क्रो आधी तिसरी जागा पकडून सीआयची निर्मिती रोखते. अ‍ॅकर्स, जॉन्सन आणि शी यांनी १९८२ मध्ये या बंधांच्या शक्यता सांख्यिकीय ऊष्मागतिकीने, म्हणजे प्रत्येक बंधाच्या ऊर्जेवरून त्याची संभाव्यता काढून, मांडल्या, आणि ती मांडणी आजही मुळातून समजून घेण्याजोगी आहे. मात्र पेशीत हे रेणू सुरुवातीला अगदी थोडे असतात, आणि सरासरीचे समीकरण एका सुरुवातीला एकच शेवट देते. म्हणूनच आर्किन, रॉस आणि मॅकअ‍ॅडम्स यांनी १९९८ मध्ये गिलेस्पी यांची यादृच्छिक पद्धत वापरली; तिच्यात रेणूंची प्रत्येक अभिक्रिया संभाव्यतेनुसार एकेक करून घडवली जाते, त्यामुळे एकाच सुरुवातीतून वेगवेगळे शेवट निघू शकतात.

सांगलीत आमच्या प्रयोगशाळेत मी विद्यार्थ्यांना आधी जीवाणू वाढवलेली काचेची बशीच दाखवतो: जीवाणूंच्या थरात लॅम्डाने पाडलेला ठिपका मध्यभागी धूसर दिसतो, कारण तिथे विषाणू पोटात घेऊन तगलेले जीवाणू पुन्हा वाढलेले असतात. एका पेशीत शिरणाऱ्या विषाणूंची संख्या वाढली की कल तगण्याकडे झुकतो. आपल्या प्रारूपात ही संख्या दिसली नाही. ती अवश्य घालून पाहावी.