मदत हवी आहे: स्वस्त ब्लू-रे प्लेअर, स्ट्रीमिंगसह
वापरलेला सोनी बीडीपी-एस१७०० घ्यावा की एस३७००? टीव्ही १०८०पी आहे, त्यामुळे फोर-के नको. एस१७०० मध्ये वायफाय नाही, राउटरपासून लॅन केबल ओढावी लागेल. एस३७०० मध्ये वायफाय आहे, पण खरी धास्ती ॲप्सची: अपडेट थांबले की ती एकेक बंद पडतात, डिस्क मात्र चालत राहते. मग एस१७०० आणि जोडीला फायर स्टिक (टीव्हीला लावायचं ॲमेझॉनचं स्ट्रीमिंग उपकरण), हेच बरं ना? फक्त एचडीएमआय पोर्ट दोन लागतील.

दुसरं म्हणजे रीजन, म्हणजे कुठल्या भागातल्या डिस्क प्लेअरवर चालतील ते ठरवणारा कोड (ए, बी किंवा सी). भारतातले प्लेअर बी नव्हे, सी. अमेरिकन डिस्क बहुधा ए. डीव्हीडीचा रीजन वेगळा, तो विचारत नाही. ब्लू-रेचा रीजन रिमोटवरून बदलता येतो, की आत चिप बसवावी लागते? आणि कोणाकडे एस३७०० चालू असेल तर कुठली ॲप्स अजून उघडतात, तेवढं कृपया तपासून सांगा.