कोकणातल्या टॅक्सीवाल्याने पुढची गाडी इलेक्ट्रिक घ्यावी का?

स्टँडवरचा (कुडाळ)

स्टेशनबाहेर रोज हा वाद रंगतो, म्हणून इथे मांडतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: जो स्वतः मालक आहे, स्वतःच चालवतो आणि ज्याच्या अंगणात रात्री गाडी उभी राहते, त्याने पुढची गाडी इलेक्ट्रिकच घ्यावी.

कोकण रेल्वेची बरीचशी स्टेशनं गावाबाहेर. सावंतवाडीचं मळगावला, रत्नागिरीचं कुवारबावकडे, आणि मालवणला तर स्टेशनच नाही, कुडाळला उतरून तीस-एक किलोमीटर जायचं. म्हणजे आमची बहुतेक भाडी छोटी आणि ठरलेल्या वाटेची. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला, चिपी विमानतळ. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर झाले की दिवस बरा गेला म्हणायचं.

आता खर्च बघा. सात सीटची डिझेल गाडी लोडवर लिटरला पंधरा-सोळा देते, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ सहा रुपये. सीएनजीला चारच्या आसपास पडतात. इलेक्ट्रिक गाडी माणसांनी भरलेली असताना युनिटला सहा किलोमीटर धरा, घरचं युनिट आठ-दहा रुपये धरा. दीड-पावणेदोन रुपयांत काम होतं. इंजिन ऑइल नाही, क्लच प्लेट नाही. आमच्या रस्त्यांवर क्लच किती टिकतात ते सांगायला नको. वर ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने बॅटरीवरच्या व्यावसायिक गाड्यांना परमिटमधून सूट दिली आहे आणि जीएसटी फक्त ५ टक्के. अजून काय हवं?

घाटावरचा पाहुणा

दादा, हिशोब बरोबर आहे पण तो सरासरीचा आहे. सरासरीवर धंदा चालतो तो मुंबईत.

आपल्याकडे टॅक्सीवाल्याचा नंबर गावातल्या प्रत्येक घरात लिहून ठेवलेला असतो, कशासाठी? तारकर्लीच्या पाहुण्यांसाठी नव्हे. रात्री दहाला कोणाच्या तरी छातीत दुखायला लागतं आणि डॉक्टर सांगतात, बांबोळीला हलवा. कुडाळहून गोवा मेडिकल कॉलेज ऐंशी-नव्वद किलोमीटर. तुमची गाडी दिवसभर फिरून नुकतीच प्लगला लावलेली, बॅटरीत चाळीस टक्के. म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटर. काय सांगणार त्या घराला? म्हापशापर्यंत सोडतो, पुढे बघा?

एकदा ‘जमणार नाही’ म्हणालात की ते घर लग्नाचं भाडंसुद्धा दुसऱ्याला देतं. डिझेलवाला पाच मिनिटांत टाकी भरून निघतो. मला तरी हा मुद्दा पैशांपेक्षा मोठा वाटतो.

स्टँडवरचा (कुडाळ)

अशा वेळी आधी ॲम्ब्युलन्सच बोलवावी. टॅक्सीत ऑक्सिजन नसतो.

घाटावरचा पाहुणा

ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली असली तर? आणि चार दिवसांनी डिस्चार्ज मिळाला की आणायला कोण जातं? जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटर. कंपनी कागदावर काहीही छापो. टाटाच्या टिगोर ईव्हीच्या २६ युनिटच्या बॅटरीला चाचणीतली रेंज ३१५ किलोमीटर होती. पाच माणसं, एसी आणि हायवेचा वेग धरलात की निम्मीच उरते.

वायरमन

घाटाबद्दल इथे नेहमी हवेत बोललं जातं, म्हणून गणित मांडतो. सावंतवाडीहून आंबोली चढताना साधारण सहाशे मीटर उंची मिळते. माणसं-सामानासह सोळाशे किलोची गाडी तेवढी वर न्यायला अडीच युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा लागते, मोटारीचा तोटा धरून तीन युनिट. म्हणजे २५ युनिटच्या बॅटरीतले बारा टक्के. हे नेहमीच्या खर्चाच्या वर, पण जीव जाण्याइतकं नाही. उतरताना मोटारच ब्रेक लावते आणि त्यातलं निम्म्याहून अधिक परत बॅटरीत येतं. डिझेल गाडी मात्र उतारावर ब्रेक लायनर जाळते.

आंबा घाट, फोंडा, करूळ, सगळीकडे थोडाफार हाच हिशोब. घाट ही अडचण नाही. अडचण वर पोचल्यावर आहे. कोल्हापूरला पेशंट सोडून लगेच परत फिरायचं असेल तर तिथे तासभर फास्ट चार्जरला उभं राहावं लागणार, आणि तोही रिकामा मिळाला तर.

आणि स्टँडवरचे दादा, फास्ट चार्जरचं युनिट अठरा ते चोवीस रुपयांना पडतं. किलोमीटरला तीन-चार रुपये झाले. म्हणजे सीएनजीएवढेच. इलेक्ट्रिकचा सगळा फायदा घरच्या प्लगमध्ये आहे. तो नसेल तर विषय सोडून द्या.

सुंगटाची कढी

तुमचो हिशोब बरो आसा ओ, पण चवथीक, म्हणजे गणपतीक, काय करतलास? आदल्या दोन दिसांत रेल्वे गाडयो येयत रवतत, रात्रीचे दोन वाजूंदे नायतर चार. चाकरमानी उतारलो की तेका घराक पोचवूक व्हयो. तासभर थांब, गाडी चार्ज करतंय म्हणान सांगलास तर तो फुडच्या गाडयेत बसतलो.

आमची वर्साची कमाई म्हणजे चवथ, मे म्हयनो आणि नाताळ. नेमकी तेवाच गाडी प्लगाक बांधून ठेवची काय? आणि सामान खय घालतलास? मे म्हयन्यात परत जाताना एकेकाचे चार फणस आणि आंब्याच्यो पेटयो. टपार कॅरियर बांधून वाऱ्याक तोंड दी, मगे तुझी रेंज बघूया.

स्टँडवरचा (कुडाळ)

सामानाचं म्हणाल तर सीएनजीच्या गाडीत डिकीतच टाकी असते, तेव्हा कोणी तक्रार करत नाही. चवथीचे आठ-दहा दिवस कमी फेऱ्या मारीन. उरलेल्या साडेअकरा महिन्यांत जे वाचतं ते मोजा ना. सीझनमध्ये सीएनजी पंपावर रांगेत जातो तो वेळ पण मोजा.

भाड्याची खोली

सगळे मालकच बोलताहेत. मी दुसऱ्याची गाडी चालवतो, रत्नागिरीत.

मालक म्हणतो इलेक्ट्रिक घेऊ. घे बाबा. पण रात्री गाडी माझ्याकडे असते आणि मी राहतो चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली पंधरा अँपिअरचा प्लग कोण देणार, बिल कोणाच्या मीटरवर? गाडी मालकाच्या दारात चार्जिंगला लावली तर पहाटेच्या रेल्वेच्या भाड्याला मी आधी त्याच्या घरापर्यंत कशावर जाऊ? स्टँडवर नंबर लावून चार-चार तास उभे असतो आम्ही, तिथे साधे प्लग असते तर अर्धा प्रश्न मिटला असता. तिथे पावसात उभं राहायला पत्रा नाही, प्लग कुठून येणार!

शिवाय आज मी डिझेल वाचवून चालवलं तर हातात चार पैसे उरतात, कारण आमचा ठराव तसा आहे. विजेचं बिल मालकाकडे गेलं की वाचलेले पैसेही मालकाचे.

वायरमन

हा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात खरा.

घरच्या मीटरबद्दल एक सांगायचं राहिलं. महिन्याला तीन हजार किलोमीटर म्हणजे पाचशे युनिट. घरच्या वापरात ते मिसळले की महावितरणचे १००, ३००, ५०० असे टप्पे ओलांडत तुम्ही सगळ्यात महाग दरात जाता, मग आठ-दहा रुपयांचा हिशोब राहत नाही. ईव्ही चार्जिंगचा दरवर्ग वेगळा आहे, त्यासाठी वेगळं मीटर घ्या. गाडी बुक करायच्या आधी घ्या.

दापोलीकर काका

३ जून २०२० विसरलात वाटतं. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. दर जुलैत लाइटीचं काय होतं ते वेगळंच. विजेच्या भरवशावर पोट चालवायचं तर कोकणात नको.

वायरमन

काका, तेव्हा रस्तेही झाडांनी बंद होते आणि पंपावर डिझेलला रांगा होत्या. वादळाचा आठवडा कोणत्याच गाडीचा नसतो. जुलैच्या रोजच्या लपंडावाबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. सहा-आठ तासांचं चार्जिंग रात्री दोनदा तुटलं की सकाळी सत्तर टक्क्यांवर निघावं लागतं.

घाटावरचा पाहुणा

मग एवढ्या चर्चेअंती कोणी घ्यायची? स्वतःचं अंगण, वेगळं मीटर, छोटी भाडी, आणि घरात दुसरी डिझेल गाडी किंवा स्टँडवर रात्रीचा फोन घेणारा मित्र. अशी माणसं कुडाळ स्टँडवर किती भरतील?

स्टँडवरचा (कुडाळ)

बोटांवर मोजण्याइतकी, कबूल. पण तीच आधी घेतील. मित्राचं म्हणाल तर आम्ही आजही एकमेकांची भाडी फिरवतो. लांबचं भाडं आलं की मी ते डिझेलवाल्याला देईन, तो मला तारकर्लीची दोन देईल.

सुंगटाची कढी

सीझनात देतलो? तारकर्लीची? बघूया हां.

भाड्याची खोली

कर्जाचं कोणी बोललंच नाही. आमच्या मालकाला पतपेढीत पहिला प्रश्न हा आला की हप्ते थकले आणि गाडी ओढून आणली, तर पाच वर्षं टॅक्सीत फिरलेली बॅटरीची गाडी घेणार कोण? ज्यांनी व्यावसायिक पासिंगची इलेक्ट्रिक गाडी विकली आहे त्यांनी किंमत सांगा. आणि वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावावर झाली का, तेही.