जेवणाच्या सुट्टीत पळताना भेटलेलं शहर: तुमचेही अनुभव लिहा

खारीबिस्किट
काल टीव्हीवर लंडन मॅरेथॉन लावली होती. टॉवर ब्रिजवरून माणसांचा लोंढा आला आणि पोळ्या लाटायच्या सोडून मी तिथेच उभी. लंडनला नोकरीत होते तेव्हा आम्ही तिघंचौघं जेवणाच्या सुट्टीत पळायला जायचो. ऑफिस बँक स्टेशनजवळ. मॉन्युमेंटवरून उतरून नदी, टॉवर ऑफ लंडन, मग टॉवर ब्रिज ओलांडून पलीकडच्या काठाने ग्लोब थिएटरपर्यंत आणि मिलेनियम ब्रिजवरून सेंट पॉलचा घुमट समोर ठेवून परत. पाचेक किलोमीटर. खरा वैताग टॉवर ब्रिजचा. उंच जहाज आलं की पूल मधोमध उघडतो, तिथे मान आधी जहाजाला, मग मोटारींना. टुरिस्ट टाळ्या वाजवतात आणि आपण दोनच्या मीटिंगच्या नावाने जागच्या जागी उड्या मारतो.
तुम्ही कुठे कुठे पळालात, लिहा.

फोर्टकर
फोर्टात भर दुपारी पळणारा माणूस म्हणजे एकतर पाकीटमार, नाहीतर त्याच्या मागे लागलेला. तरी जानेवारीतल्या मॅरेथॉनसाठी डिसेंबरभर पळायचो. डी. एन. रोडच्या कमानींखाली सावली मस्त, पण फेरीवाल्यांमधून पळणं म्हणजे खो-खो. म्हणून ओव्हलला चकरा. एका अंगाला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दुसऱ्या अंगाला आर्ट डेको इमारती. 2018 पासून हे सगळं युनेस्कोच्या यादीत आहे. त्या जागतिक वारशातून मी घामाने निथळत, आणि मैदानातली पोरं ओरडतायत, "अंकल, बॉल!"

जोशीकाकू_दादर
उपाशीपोटी पळत होतात? डब्यात काय असायचं ते लिही आधी.

खारीबिस्किट
पोळीभाजीच हो काकू. परत आल्यावर जागेवर बसून खायची, कॅमेरा बंद करून.

घामट
सगळे पुतळे-पूल सांगतायत, अंघोळीचं कोणी बोलेना. माझ्या ऑफिसात ओला नॅपकिन आणि पावडर एवढीच सोय होती. शेजारच्या मॅडमनी खुर्ची हळूहळू खिडकीपाशी नेली. 😐

खारीबिस्किट
@घामट 😂😂 आमच्याकडे तळघरात सायकली ठेवायच्या जागेशेजारी शॉवर होते. रांग मात्र सकाळच्या लोकलसारखी.

हडसनकाठचा
आमचा ब्रुकलिन ब्रिज 1883चा, तुमच्या टॉवर ब्रिजपेक्षा अकरा वर्षांनी थोरला, नोंद घ्यावी. वॉल स्ट्रीटच्या बाजूने चढायचं, पहिल्या कमानीपर्यंत जाऊन मागे. पायाखाली लाकडी फळ्या, पळायला छान लागतात. पूर्वी त्याच वाटेवर सायकलवाले घंटा बडवत यायचे, 2021मध्ये त्यांना खाली रस्त्यावर वेगळी पट्टी मिळाली. आता फक्त सेल्फीवाले चुकवायचे. वॉल स्ट्रीटजवळचा तो पितळी बैलाचा पुतळा टाळूनच जा, तिथे कायम गर्दी.

फोर्टकर
पितळी नाही, काशाचा. 🙏

हडसनकाठचा
बरं बाबा, काशाचा.

दिल्लीत_बदली
थंडीत जेवणाच्या सुट्टीत राजपथाला (आता कर्तव्य पथ) पळायचो, इंडिया गेटला वळसा घालून परत. हिरवळीवर अख्खी सरकारी कचेरी उन्हाला पसरलेली. शेंगा, मुळा, संत्री, पत्ते. मी दिसलो की हाका, "अरे भाई, बैठ जाओ!" शेवटी बसलोच. तिथल्या शेंगा अप्रतिम.

गुडघेदुखी
पन्नाशीनंतर पळावं का? डॉक्टर हो म्हणतात, बायको नाही म्हणते.

घामट
बायकोचं ऐका. डॉक्टर रोज घरी नसतात.

जोशीकाकू_दादर
मी जुलैत मुलाकडे लंडनला जातेय. खारी, तुझी ती वाट चालत होईल का गं? आणि तिथला एक पूल हलायचा म्हणे, तो कोणता? त्यावर मी जाणार नाही.

खारीबिस्किट
तोच मिलेनियम ब्रिज काकू. 2000 साली उघडला आणि माणसांच्या चालण्यानेच इतका डुलायला लागला की दोन दिवसांत बंद केला. खाली हेलकावे शोषून घेणारे डॅम्पर बसवून 2002 मध्ये पुन्हा सुरू झाला, आता नाही हलत. रमतगमत दीड-दोन तास धरा. वाटेत बरो मार्केट लागतं, सोमवारी बंद असतं, तो दिवस टाळा.

जोशीकाकू_दादर
मग मंगळवारी जाईन. मुलासाठी पुरणपोळ्या नेतेय, विमानात टिकतील ना?

हडसनकाठचा
गूळपोळ्या न्या काकू, त्या जास्त टिकतात.

घामट
आणि इकडेही पाठवा. अंघोळ करून खाईन.