मदत हवी आहे: रत्नागिरी-चिपळूणकडचा समुपदेशक

नववीतला मुलगा समलिंगी असल्याची कुजबुज झाली आणि वर्गात, एसटीत छळ सुरू झाला. दप्तरावर खडूनं शिव्या लिहितात. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ (मुलांना मारणं, मानसिक छळ करणं याला मनाई) आठवीपर्यंतच, म्हणून अर्ज महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंध कायद्याखाली जातोय. त्यात मुख्याध्यापकांना ७ दिवसांत चौकशी करावी लागते. अर्जात फक्त तारीख, जागा, उच्चारलेले शब्द. मुलाचा कल लिहिलेला नाही, कारण कारकुनाच्या टेबलावरून गोष्ट संध्याकाळपर्यंत बंदरावर पोचते. पोचेवर शिक्का, आवक क्रमांक घेणारच.

अडलंय ते समुपदेशकापाशी. ‘उपचारानं बदलेल’ म्हणणारा अजिबात नको. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये ते गैरवर्तन ठरवलंय. मुलाला न विचारता घरी न सांगणारं कुणी माहीत आहे का? कृपया मुलाचं नाव-गाव विचारू नका.