मदत हवी आहे: जुन्या व्हीसीडी, डब्ल्यूएमए आणि रिअल ऑडिओ फाइली कशात बदलून ठेवाव्यात?

आडवळण

घरातला सगळा जुना डिजिटल साठा एकत्र आणायचा आहे. लग्नमुंजींच्या १४ व्हीसीडी, ६ डीव्हीडी, डब्ल्यूएमए स्वरूपातली सुमारे ९०० गाणी आणि कीर्तन-प्रवचनांच्या साठेक फाइली, ज्यांची शेपटं (नावाच्या शेवटची अक्षरं) आरएम, आरए आणि रॅम अशी आहेत. लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह वेगळा घेतला आहे.

अडलंय ते असं. व्हीसीडीतली डॅट फाइल (व्हिडिओ तिच्यातच असतो) कॉपी-पेस्ट करताना मध्येच 'सायक्लिक रिडंडन्सी चेक'ची, म्हणजे डिस्क नीट वाचता न आल्याची, चूक येते आणि कॉपी थांबते. डब्ल्यूएमएपैकी जवळजवळ निम्मी गाणी व्हीएलसी या प्लेअरमध्ये वाजत नाहीत. रॅम फाइली जेमतेम १ केबीच्या आहेत. आणि मुख्य प्रश्न: शेवटी सगळं कशात ठेवायचं? व्हिडिओसाठी कोणी एमपी४ म्हणतात, कोणी एचईव्हीसी, कोणी एव्ही१. दहा वर्षांनी पुन्हा हेच करत बसायचं नाही, म्हणून निवडीमागचं कारणही सांगा.

---

चौकोन

आधी व्हीसीडी, कारण त्या रोज थोड्या थोड्या खराब होतायत. बाकीचं महिनाभर थांबू शकतं.

कॉपी-पेस्ट का अडते ते समजलं की उपायही कळतो. सीडीवरच्या साध्या डेटाच्या प्रत्येक सेक्टरमध्ये (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यात) २०४८ बाइट माहिती आणि तिच्या जोडीला २७६ बाइट चूकदुरुस्तीसाठी असतात. व्हीसीडीत जास्त व्हिडिओ मावावा म्हणून ती दुरुस्तीची जागाही चित्रालाच दिली आहे, त्यामुळे एका सेक्टरमध्ये २३२४ बाइट व्हिडिओ बसतो. म्हणजे वर्ड फाइलची सीडी ज्या ओरखड्यातून सावरते, त्याच ओरखड्याने व्हीसीडीचा सेक्टर गेला. विंडोजला एक सेक्टर वाचता आला नाही की ते अख्खी फाइल टाकून देतं. खरं तर एक सेक्टर म्हणजे सेकंदाचा ७५वा भाग. तो सोडून पुढे गेलं तर पडद्यावर साधारण अर्धा सेकंद चौकटी दिसतील, बाकी तासाभराचं लग्न शाबूत राहील.

तेव्हा चूक आली तरी पुढे वाचत जाणारं साधन हवं. विंडोजवर आयसोबस्टर. त्यात ट्रॅकवर राइट-क्लिक करून फक्त एमपीईजी व्हिडिओ फ्रेम गाळून काढण्याचा पर्याय निवडा आणि न वाचलेल्या सेक्टरच्या जागी शून्य भरायला सांगा. (काही सोयी पैसे भरल्यावरच उघडतात.) लिनक्स असेल तर व्हीसीडीइमेजर या संचातलं व्हीसीडीएक्सरिप. डीडीरेस्क्यू हे खराब डिस्क वाचणारं साधन इथे वापरू नका. ते डेटा डीव्हीडीसाठी उत्तम आहे, पण २०४८ बाइटांच्या हिशेबाने वाचतं आणि व्हीसीडीचे व्हिडिओ सेक्टर त्या मापात बसत नाहीत.

ज्या डिस्क विनातक्रार कॉपी होतायत त्यांची डॅट फाइल व्हीसीडीगिअरमधून काढून एमपीजी करा. यात चित्र पुन्हा दाबलं जात नाही, फक्त वरचं वेष्टन निघतं.

तपासायला सोपा हिशेब: व्हीसीडीचा एक मिनिट म्हणजे साधारण १०.५ एमबी. ५० मिनिटांच्या डिस्कची फाइल ५२० एमबीच्या आसपास भरायला हवी. ३०० भरली तर ती अर्धवट आहे, मग ती सुरुवातीला कितीही छान वाजो.

वाचायच्या आधी डिस्क मऊ सुती कापडाने पुसा, पण मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसलं आणि खडा घासला तर ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सलग माहिती जाते. छापील बाजू जास्त नाजूक असते, कारण तिथे माहितीच्या थरावर फक्त लाखेचा पातळ लेप असतो. वर स्टिकर असेल तर तो सोलू नका, थरासकट येईल. एका ड्राइव्हने नाही वाचली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. डेस्कटॉपचा जुना ड्राइव्ह बऱ्याचदा पातळ यूएसबी ड्राइव्हपेक्षा चिवट निघतो. वेगही कमी करून बघा, ८एक्स किंवा ४एक्स.

---

पाटीपेन्सिल

डब्ल्यूएमएचं उत्तर बहुधा कुलपात आहे. न वाजणाऱ्या एखाद्या फाइलवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तिथे 'प्रोटेक्टेड' या ओळीपुढे काय आहे ते बघा. 'येस' असेल तर कोडेक (आवाज-चित्र दाबायची आणि उलगडायची पद्धत) पॅक टाकून काहीही होणार नाही, व्हीएलसीचाही दोष नाही. गाणं कूटबद्ध आहे आणि त्याची किल्ली ज्या संगणकावर तयार झाली तिथेच होती.

ही गाणी विकत घेतलेली असतीलच असं नाही. विंडोज मीडिया प्लेअरने सीडी रिप करताना, म्हणजे गाणी संगणकावर उतरवताना, 'कॉपी प्रोटेक्ट म्युझिक' नावाची चौकट होती. ती टिचकी राहिली की स्वतःच्याच सीडीवरून काढलेली गाणी त्या संगणकाला बांधली जात. हार्ड डिस्क फॉरमॅट केली की किल्ली गेली.

उपाय दोनच. मूळ सीडी घरात असेल तर पुन्हा रिप करा, या खेपेला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रामने फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गमावता साठवणारं स्वरूप). नाहीतर जुना संगणक अजून सुरू होत असेल आणि त्यावर ती गाणी वाजत असतील, तर तिथूनच परवान्यात मुभा असल्यास ऑडिओ सीडी लिहून घ्या आणि ती रिप करा. त्या संगणकाची विंडोज तोवर अपडेट किंवा फॉरमॅट करू नका. कुलूप तोडणाऱ्या साधनांच्या वाटेला जाऊ नका. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आलं ते याच विषयावर आहे, शिवाय त्या साधनांच्या नावाखाली व्हायरस वाटले जातात.

आणखी एक तपासा. 'गाणी' फोल्डरमध्ये सीडीए शेपटाच्या, नेमक्या ४४ बाइटांच्या फाइली आहेत का? असतील तर ती गाणी नव्हेतच. ऑडिओ सीडी विंडोजमध्ये उघडली की दिसतात त्या नुसत्या खुणेच्या चिठ्ठ्या: अमुक ट्रॅक इथे सुरू होतो, इतका लांब आहे. कितीतरी घरांत सीडी कॉपी केली असं समजून या चिठ्ठ्या जपून ठेवल्या आहेत आणि सीडी देऊन टाकली आहे. तुमच्याकडे सीडी असेल तर ती आजच बाजूला काढा.

रॅम फाइलीही तशाच. (संगणकाच्या रॅमशी संबंध नाही.) नोटपॅडमध्ये उघडा, आत एका ओळीत पत्ता दिसेल. रिअलप्लेअरला आवाज कुठल्या सर्व्हरवरून आणायचा ते सांगणारी ती चिठ्ठी आहे. त्या सर्व्हरवर आता काही नसेल तर कीर्तन गेलं. तोच पत्ता वेबॅक मशीनमध्ये (जुनी संकेतस्थळं जपणाऱ्या साइटवर) घालून बघा, शेवटचं शेपूट आरए किंवा आरएम असलेला दुवा क्वचित सापडतो.

---

आडवळण

दोघांचेही आभार. ४४ बाइटांच्या ३१ फाइली निघाल्या. डब्ल्यूएमएपैकी ४१२ 'प्रोटेक्टेड' आहेत, बाकी वाजतायत. आरएम आणि आरए व्हीएलसीत नीट वाजतात. मग त्या तशाच ठेवू की एमपी३ करू?

---

दुहेरी अवतरण

तशाच ठेवा, आणि ऐकण्यासाठी वेगळी प्रत करा. रिअल ऑडिओ आधीच खूप दाबलेला आवाज आहे, डायल-अपवरून जावा म्हणून. त्यातून एमपी३ केलं की दाबलेलं पुन्हा दाबलं जातं. कीर्तनातले टाळ आणि झांजा आधीच चिरकतात, त्या आणखी चिरकतील. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवायची, फोनसाठी ओपस (आवाजाचं नवं स्वरूप) किंवा १२८ केबीपीएसचं एमपी३ काढायचं आणि ते गेलं तरी हळहळ वाटू द्यायची नाही.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर इथेच दडलेलं आहे. रिअल नेटवर्क्सने १९९५ मध्ये रिअल ऑडिओ आणला तेव्हा इंटरनेटवर आवाज ऐकायचा म्हणजे रिअलप्लेअर, असंच होतं. मग मायक्रोसॉफ्टने विंडोजसोबतच मीडिया प्लेअर दिला. २००४ मध्ये युरोपीय आयोगाने त्यासह दोन गैरप्रकारांबद्दल ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि प्लेअरविना विंडोज विकायला लावली. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने रिअलशी ७६.१ कोटी डॉलरना समझोता केला. निकाल रिअलच्या बाजूने झुकले, पण तोवर लोक रिअलप्लेअर सोडून गेले होते. तरी हरलेल्या रिअलच्या फाइली आज वाजतायत आणि जिंकलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ४१२ फाइली वाजत नाहीत. कारण एफएफएमपेग या मुक्त प्रकल्पाच्या लोकांनी रिअलची कोडेक स्वतंत्रपणे लिहून काढली आणि व्हीएलसी तीच वापरतं. कोडेक उलगडता येतं. किल्ली हरवलेलं कुलूप कोण उलगडणार?

विकत घेतलेल्या गाण्यांचं तर आणखी वाईट झालं. एमएसएन म्युझिक हे मायक्रोसॉफ्टचंच दुकान २००६ मध्ये बंद झालं, आणि नवीन संगणकासाठी परवाने देणारे सर्व्हर २००८ मध्ये बंद करू असं त्यांनी जाहीर केलं. ओरड झाल्यावर मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवली.

म्हणून स्वरूप निवडताना सगळ्यात लोकप्रिय कोणतं हे विचारू नका. त्याचं वर्णन सगळ्यांना वाचता येतं का आणि वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले प्लेअर ते वाजवतात का, हे विचारा. फ्लॅक, ओपस आणि एमकेव्ही (चित्र-आवाज एकत्र ठेवणारं वेष्टन) या तिन्हींची वर्णनं आयईटीएफने, म्हणजे इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, मानक म्हणून छापली आहेत. एमपी३चा परवाना कार्यक्रम २०१७ मध्ये संपला, आता ते कोणाचंच देणं लागत नाही.

---

खडूफळा

व्हिडिओबद्दल माझं मत वेगळं आहे. जागा फुकट नसते. सगळं एचईव्हीसी केलं तर निम्म्याहून कमी जागेत बसेल, मग मूळ एमपीईजी कशाला सांभाळायचं?

---

चौकोन

किती जागा, ते मोजू. १४ व्हीसीडी प्रत्येकी ७०० एमबी धरल्या तर १० जीबीच्या आत. ६ डीव्हीडी प्रत्येकी जास्तीत जास्त ४.७ जीबी, म्हणजे २८. सगळं मिळून ४० जीबीही होत नाही, ६४ जीबीच्या कार्डावर मावेल. एवढ्यासाठी मूळ चित्र पुन्हा दाबून कायमचं खराब करायचं नाही. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, त्यात उधळण्यासारखं काही उरलेलंच नाही. एचईव्हीसीचे पेटंट-परवाने तर एकाहून अधिक गटांकडे विखुरले आहेत, आणि विंडोजमध्ये त्याचं एक्स्टेन्शन मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून वेगळं विकत घ्यावं लागतं. फोनच्या नव्या व्हिडिओंसाठी ते ठीक आहे, साठवणीसाठी नाही.

आडवळण, मूळ प्रत अशी करा. व्हीसीडीगिअर किंवा आयसोबस्टरमधून आलेली एमपीजी फाइल एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्राममध्ये टाका आणि मल्टिप्लेक्सिंग (चित्र-आवाज नव्या वेष्टनात बांधणं) सुरू करा. दोन-तीन मिनिटांत एमकेव्ही तयार होते, चित्र जसंच्या तसं. डॅट थेट टाकलीत तर ते घेणार नाही, म्हणून वेष्टन आधी काढायला सांगितलं.

टीव्ही-फोनसाठीची प्रत हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्राममध्ये: कोडेक एच२६४, आरएफ (दर्जाचा आकडा) १८, फ्रेमरेट मूळचाच. इथे तीन गोष्टी बिघडतात. पहिली, आपोआप होणारं क्रॉपिंग. मांडवातल्या रात्रीच्या अंधाऱ्या दृश्यांवरून ते कडा चुकीच्या ठरवतं, म्हणून चारही बाजू शून्य करा. दुसरी, रुंदी. व्हीसीडीचे ठिपके चौरस नसतात, चित्र ३८४ गुणिले २८८ दिसायला हवं, नाहीतर माणसं बारीक आणि लांबोडकी दिसतात. तिसरी, मोठं करण्याचा मोह. १०८० करून काही मिळत नाही, टीव्ही ते काम स्वतःच करतो.

---

पाटीपेन्सिल

डीव्हीडीसाठी भर. लग्नाच्या डीव्हीडीत एक जीबीच्या चार-पाच व्हीओबी फाइली (व्हिडिओचे तुकडे) दिसतील. त्या एकेक करून बदलू नका. तुकडा कुठेही पडलेला असतो, सांध्यावर आवाज उडतो. अख्खं व्हिडिओ टीएस फोल्डर आयएफओ फाइलींसकट कॉपी करा आणि ते मेकएमकेव्हीला द्या, ते सलग एमकेव्ही करून देतं.

व्हीसीडीला डीइंटरलेस (एकाआड एक ओळींचं चित्र सलग करणं) लागत नाही, डीव्हीडीला बहुतेकदा लागतं. वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्यासारखे दाते दिसले की समजा. हँडब्रेकच्या डीइंटरलेसमध्ये बीडब्ल्यूडीआयएफ निवडून बॉब हा पर्याय ठेवा, सेकंदाला ५० फ्रेम येतील आणि हालचाल गुळगुळीत राहील. हेही फक्त बघण्याच्या प्रतीत, मूळ प्रतीला हात नाही.

एखादी डीव्हीडी संगणकाला कोरी दिसत असेल तर फेकू नका. रेकॉर्डरवर लिहून फायनलाइज (इतरत्र वाचता यावी म्हणून शेवटी बंद) करायची राहिली असेल. आयसोबस्टरला आतलं बऱ्याचदा दिसतं.

---

आडवळण

एक व्हीसीडी दोन्ही ड्राइव्हवर ३४व्या मिनिटाला अडते. शून्य भरून काढलेली फाइल मोजली तर ४८२ एमबी, डिस्कवर लिहिलेली वेळ ४६ मिनिटं.

---

चौकोन

४६ गुणिले १०.५ म्हणजे ४८३. म्हणजे फाइल शेवटपर्यंत आली आहे, पण शून्यांची जागाही त्यात धरलेली आहे. ३४व्या मिनिटाला व्हीएलसीत बघा, चौकटी किती वेळ दिसतात. दोन-तीन सेकंदांच्या आत असेल तर सोडून द्या. जास्त असेल तर तिसऱ्या ड्राइव्हवर फक्त तेवढा भाग काढा आणि लॉसलेसकट या प्रोग्रामने जोडा. तुकडे की-फ्रेमवरच (अख्खं चित्र साठवलेल्या फ्रेमवरच) कापा, नाहीतर सांध्यावर पुन्हा चौकटी येतील.

झालं की प्रत्येक मूळ फाइलीचा एसएचए-२५६ (फाइल बदलली का ते पुढे ताडून बघायचा ठसा) काढून त्याच फोल्डरमध्ये मजकूर फाइलीत ठेवा. सेव्हन-झिप बसवलं असेल तर राइट-क्लिकमध्येच तो पर्याय आहे. दोन हार्ड डिस्कवर दोन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी. पेनड्राइव्ह त्यात धरू नका. आणि डिस्क फेकू नका, दोन्ही प्रती ताडून होईपर्यंत तरी नाहीच.